टेकडीवरची गुलाबी फुलं आली कुठून

फेब्रुवारीत पुण्याच्या वेताळ टेकडीवर गेलात तर पानं गळालेल्या फांद्यांवर नुसती फिकट गुलाबी फुलं, लोकं थांबून थांबून सेल्फी काढतात. हे गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं. तिकडे कोकोच्या मळ्यात सावलीला लावायचे, बिया आणि साल उंदरांच्या विषाला, म्हणून उंदीरमारी.

ते इथं का आलं हे समजायला जरा मागं जावं लागतं. पुण्यात पाऊस साधारण ७०० मिमी, टेकडीवर काळा पाषाण आणि त्यावर वीतभर माती, अशा जागी गवत आणि मधेमधे सालई, मेडशिंगी, गणेर, हिवर एवढंच टिकतं. इंग्रजांच्या महसुली हिशोबात जी जमीन सारा देत नाही ती पडीक, आणि तो शिक्का स्वातंत्र्यानंतरही पुसला नाही. ७२चा दुष्काळ, लाकूडतोड, चराई यांनी टेकड्या उघड्या पडल्या होत्या हेही खरंच. मग १९८२ला राज्यात सामाजिक वनीकरण आलं, १९८५ला केंद्राचं पडीक जमीन विकास मंडळ, आणि सगळ्यांना झटपट हिरवं हवं होतं. ग्लिरिसिडियाची फांदी खोचली तरी फुटते, आपली गुरं सहसा तोंड लावत नाहीत, अजून काय पाहिजे! सुबाभूळही अशीच आली, ती इतकी माजली की लोक तिला कुबाभूळ म्हणायला लागले.

श्रावणात एकदा खाली वाकून बघा. उघड्या माळावर कुसळी, पवन्या ही गवतं, मधेच पांढऱ्या फुलांची जमिनीवरची ऑर्किडं, गवताच्या बुडाशी चंडोलाचं वाटीएवढं घरटं. दहा पावलांवर ग्लिरिसिडियाखाली काळपट कुजका पाला, बाकी जवळपास काही नाही. सावलीत हे गवत जगत नाही, आणि गवत गेलं की चंडोल, माळटिटवी, गळ्याचा पंखा फुलवणारा सरडा, सगळे हळूहळू हलतात. वर चार बुलबुल दिसतात म्हणून आपल्याला वाटतं पक्षी वाढले.

२०१६ ते २०१९ मधे राज्यात ५० कोटी झाडांची मोहीम झाली तेव्हाही खड्ड्यांना मोकळी जागा हवीच होती. आता टेकडीवर देशी झाडं लावणारे ग्रुप आहेत, वड-पिंपळ घेऊन येतात, हौस मोठी, पण खड्डा परत त्या कुसळीतच खणतात.