नवोदय विद्यालयात सहावीचा प्रवेश : पात्रता, कागदपत्रे आणि तिसरीपासूनची नोंद

ग्रामीण भागातील हुशार मुलांना, घरची परिस्थिती कशीही असली तरी, दर्जेदार निवासी शिक्षण मिळावे या हेतूने १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नवोदय विद्यालयांची योजना मांडली गेली. देशातील पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक अमरावतीचे आणि दुसरे हरियाणातील झज्जरचे. प्रवेश सहावीत मिळतो. त्यासाठीची निवड परीक्षा पाचवीत शिकत असताना द्यावी लागते आणि एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० विद्यार्थी घेतले जातात. पालकांचा सारा भर सहसा सरावसंच आणि शिकवणीवर असतो. मात्र मुलाचा अर्ज ग्रामीण गटात बसतो की शहरी, हे तिसरी, चौथी आणि पाचवी या तीन इयत्तांच्या शाळेवरून ठरते, आणि मूल पाचवीत पोहोचल्यावर त्यात काहीही बदलता येत नाही. त्यामुळे मूल दुसरी-तिसरीत असतानाच ही माहिती पालकांना ठाऊक असलेली बरी.

प्रत्येक विद्यालयातील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असतात. या जागांवर दावा करण्यासाठी विद्यार्थ्याने तिन्ही इयत्ता ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत, प्रत्येकी पूर्ण शैक्षणिक सत्र शिकून पूर्ण केलेल्या असाव्या लागतात. यापैकी कोणत्याही इयत्तेत विद्यार्थी एक दिवस जरी शहरी भागातील शाळेत शिकला असेल, तरी तो शहरी धरला जातो. निकष शाळेच्या ठिकाणाचा आहे. आई-वडील गावात राहतात, शेती गावात आहे, पण मूल चौथीला वर्षभर तालुक्याच्या ठिकाणी मामाकडे शिकले, तर घराचा पत्ता कामी येत नाही. शहरी भाग म्हणजे शासनाच्या अधिसूचनेने नोंदणीच्या अंतिम तारखेला शहरी ठरवलेला भाग; उरलेला सर्व ग्रामीण. महाराष्ट्रात तालुक्याची अनेक गावे ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेलेली आहेत. तेथील पालकांनी केवळ पूर्वापार ‘गाव’ म्हणतात म्हणून ग्रामीण असे न लिहिता मुख्याध्यापकांकडे आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयात शाळेची नोंद कशी आहे, हे आधी पाहून घ्यावे.

दुसरी अट जिल्ह्याची आहे. ज्या जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयासाठी अर्ज करायचा, त्याच जिल्ह्यात कुटुंबाचे वास्तव्य हवे आणि विद्यार्थी पाचवीचे संपूर्ण सत्र त्याच जिल्ह्यातील शासकीय किंवा शासनमान्य शाळेत शिकत असला पाहिजे. ऊसतोडीसाठी किंवा बदलीमुळे जिल्हा सोडावा लागणाऱ्या कुटुंबांनी ही अट विशेष ध्यानात ठेवावी. जिल्ह्याचे विभाजन झाले असेल आणि नव्या जिल्ह्यात अद्याप विद्यालय सुरू नसेल, तर पात्रतेसाठी जुन्या जिल्ह्याची हद्द धरली जाते.

वयाची अट सर्व प्रवर्गांना सारखीच आहे. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी जन्मतारीख १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या काळातील, दोन्ही दिवस धरून, असावी असे ठरले होते. सत्रागणिक ही मुदत पुढे सरकते. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. गुण कमी पडले म्हणून मुलाला पाचवीत पुन्हा बसवण्याचा विचार काही पालक करतात; त्याने परीक्षेची संधी मिळत नाहीच, उलट वर्ष वाया जाते.

आरक्षणात किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग यांच्यासाठीही तरतूद आहे. इतर मागासवर्गाचे आरक्षण केंद्रीय यादीनुसार दिले जाते. राज्याच्या सवलती मिळतात, परंतु जातीचे नाव केंद्रीय यादीत नाही, अशा उमेदवाराने खुल्या गटातून अर्ज करावा.

अर्ज नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर भरायचा असून त्यास कोणतेही शुल्क नाही. विहित नमुन्यातील प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याची माहिती भरून, त्यावर विद्यार्थी व पालक यांच्या सह्या आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेऊन ते अपलोड करावे लागते; सोबत विद्यार्थ्याचे छायाचित्र आणि दोघांच्या सह्यांच्या प्रतिमा द्याव्या लागतात. आधार क्रमांक नसल्यास सक्षम अधिकाऱ्याने दिलेला रहिवासी दाखला लागतो. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, आधारवर आणि जन्मदाखल्यावर एकसारखी आहेत का, हे मुख्याध्यापकांकडे जाण्याआधीच तपासावे, कारण मुदत संपल्यानंतर दुरुस्तीसाठी जी थोडी सवड मिळते, तीत लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेचे माध्यम एवढ्याच बाबी बदलता येतात.

परीक्षेबद्दल थोडक्यात. दोन तासांत ८० प्रश्न, एकूण १०० गुण. बुद्धिमत्ता चाचणीचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना असतात. बुद्धिमत्तेचे प्रश्न आकृत्यांवर आधारित असतात, त्यामुळे वाचनात मागे असलेल्या मुलालाही तेथे वाव मिळतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. महाराष्ट्रात परीक्षा मराठी माध्यमातून देता येते.

निवड यादीत नाव आले म्हणजे प्रवेश निश्चित झाला असे नव्हे. मूळ जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, तिसरी ते पाचवीच्या शिक्षणाचा आणि शाळेच्या ग्रामीण स्थानाचा दाखला, लागू असल्यास जात किंवा दिव्यांग प्रमाणपत्र आणि वैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र पाहूनच विद्यालय प्रवेश देते, आणि अर्जातील माहिती कागदांशी जुळली नाही तर निवड रद्द होते. तिन्ही वर्षांत शाळा बदललेली असल्यास प्रत्येक शाळेकडून प्रवेशाच्या आणि शाळा सोडल्याच्या तारखांसह दाखला आधीच मिळवून ठेवावा.

शिक्षण, निवास, भोजन, गणवेश आणि पाठ्यपुस्तके विनामूल्य आहेत. नववीपासून दरमहा ६०० रुपये विद्यालय विकास निधी घेतला जातो. सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातीचे व दिव्यांग विद्यार्थी आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तो माफ आहे. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून स्थलांतराचे हमीपत्रही घेतले जाते: नववीत काही विद्यार्थ्यांना एक वर्षासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातील नवोदय विद्यालयात पाठवले जाते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला आणखी दूर पाठवण्याची घरच्यांची तयारी आहे का, हे हमीपत्रावर सही करण्यापूर्वी आजी-आजोबांसह सर्वांनी बसून ठरवावे.