तोतयाचा खटला

मेलेला किंवा बेपत्ता म्हणून धरलेला माणूस ‘तो मीच’ म्हणत परत येतो, घरातले काही जण त्याला कवटाळतात, काही जण तोंड फिरवतात आणि निवाडा न्यायालयाकडे जातो. अशा दाव्याला मराठीत नेमका शब्द नाही. तोतयाचा खटला म्हणावे, तर नावातच निकाल लागून जातो. भारतातल्या सर्वांत गाजलेल्या अशा खटल्यात मात्र वादी तोतया नाही, असेच तिन्ही न्यायालयांनी ठरवले. सृजित मुखर्जी यांचा ‘एक जे छिलो राजा’ (२०१८) हा बंगाली चित्रपट त्याच खटल्यावर बेतलेला आहे.

खटला पूर्व बंगालमधल्या भवाल जमीनदारीचा. ढाक्याजवळच्या जयदेवपूरचे मधले कुमार रमेंद्रनारायण रॉय मे १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारले, असे जाहीर झाले. पुढे सुमारे बारा वर्षांनी ढाक्याच्या बकलंड बांधावर अंगाला राख फासलेला एक संन्यासी येऊन बसला आणि १९२१ मध्ये त्याने आपणच मधला कुमार असल्याचे सांगितले. आपल्याला स्मशानात नेल्यावर वादळी पाऊस आला, माणसे पांगली, नागा साधूंनी उचलून नेले, अशी त्याची कहाणी. बहीण ज्योतिर्मयी देवीने त्याला ओळखले, पत्नी विभावतीने नाही. इस्टेट तेव्हा कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे जमीनदाऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याकडे होती. जिल्हाधिकाऱ्यांनी नोटीस काढून त्याला सरळ तोतया ठरवले. रयत त्याच्या बाजूची होती, पण रयतेचे हात इस्टेटीच्या कागदांपर्यंत पोचत नव्हते.

दावा १९३० साली दाखल झाला. ढाक्याचे न्यायाधीश पन्नालाल बसू यांच्यासमोर १९३३ ते १९३६ अशी सुनावणी चालली आणि दोन्ही बाजूंचे मिळून १,५४८ साक्षीदार तपासले गेले. वादीला बंगाली धड बोलता येत नाही, हा पंजाबी आहे, असा बचाव होता. बसूंनी बोलण्यापेक्षा शरीर वाचले. खवल्यांसारखी झालेली पायाची कातडी, डाव्या घोट्यावरचा गाडीच्या चाकाचा व्रण, सहा नंबरचे जोडे. राजघराण्याचा वाद चपलेच्या मापावर यावा, हे कादंबरीत कुणाला पटले नसते. निकाल वादीच्या बाजूने लागला. कोलकाता उच्च न्यायालयात तो दोन विरुद्ध एक अशा मताने टिकला आणि ३० जुलै १९४६ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही, उचलून धरला. त्यानंतर काही दिवसांतच वादी वारला. विभावतीने त्याला नवरा म्हणून शेवटपर्यंत मानले नाही.

चित्रपटात नावे बदलली आहेत. जिशू सेनगुप्ता राजा झाला असून अंजन दत्त आणि अपर्णा सेन एकमेकांविरुद्ध उभे राहणारे वकील आहेत. ढाक्यात दोन्हीकडचे प्रमुख वकील पुरुष होते. स्त्री वकील ही पटकथेची भर. ती नाट्यासाठी सोयीची आहे, पण खऱ्या खटल्याचे बळ साक्षीदारांच्या कंटाळवाण्या रांगेत होते आणि पडद्यावर ती रांग मावत नाही. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याच घटनेवर १९७५ मध्ये उत्तमकुमार यांचा ‘संन्यासी राजा’ येऊन गेला होता.

मराठी प्रेक्षकाला ही गोष्ट अर्धी ओळखीची वाटते, ती पानिपतामुळे. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण मागाहून सापडलेल्या प्रेताला शिर नव्हते. शंकेला तेवढी फट पुरली. भाऊ म्हणवणारा सुखनिधान नावाचा कनौजी ब्राह्मण चौकशीअंती कैदेत पडला; १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटून त्याने कोकणात बंड माजवले. रघुजी आंग्र्यांनी त्याला पकडले, पुण्यात त्याला देहदंड झाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी मात्र कुंकू कधी पुसले नाही. एकीने नवरा मेल्याचे मानले नाही, दुसरीने तो परतल्याचे. आणि दोघींच्या म्हणण्यावर दौलत कुणाच्या हाती राहील, हे ठरणार होते.

ठाणे-बेलापूरच्या माणसाला हा वाद राजवाड्याबाहेरही भेटतो. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड मूळ खातेदाराला किंवा त्याच्या वारसांना मिळतात, म्हणून कोण कुणाचा वारस आणि गाव सोडून गेलेला चुलता हयात आहे का, या प्रश्नांना इथे भूखंडाइतकीच किंमत आहे. सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो हयात असल्याचे सिद्ध करणे तसे म्हणणाऱ्यावर येते, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातला नियम नव्या कायद्यातही आहे. नोंदणी कायद्याने (१९०८) दुसऱ्याच्या नावाने उभे राहणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त करणाऱ्याचा फोटो निघतो, अंगठा यंत्रावर टेकतो, आधार कार्ड दाखवले जाते. तरी खिडकीतून विचारणा होते, “ओळखीला दोघं आणलेत ना?” ते दोघे पुढे सरकतात, तेही अंगठे देतात, आणि दस्ताच्या शेवटच्या पानावर छापून येते की हे इसम दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात.