थवा उडवायला सांगू नका : कुंभारगावला होडीतून पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांना उजनी धरणाच्या जलाशयाकाठचं भिगवण आणि त्याजवळचं आमचं कुंभारगाव नवं नसतं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर, पहाटे लवकर निघायचं, थंडीत कानटोपी आणायची, हे सगळं ठाऊक असतं. ते पुन्हा लिहीत नाही. हे पत्रक छापलं ते रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या थव्याबद्दलच्या एका मागणीमुळे. हंगामात शनिवार-रविवार आला की कुठल्या ना कुठल्या होडीत कोणीतरी म्हणतंच, "दादा, अजून थोडं जवळ घ्या. एकदा उडवा की सगळा थवा, पंखांचा फोटो पाहिजे." नावाडी नाही म्हणतो. पाहुण्यांचा हिरमोड होतो, बोलाचाली होते आणि कोवळ्या उन्हाचा सगळ्यात चांगला अर्धा तास त्यातच जातो. तो वेळ तुमचा असतो आणि त्याचे पैसेही तुम्हीच दिलेले असतात. म्हणून आमचं म्हणणं काठावरच, चहा पिता पिता वाचून घ्या.

उडवलेल्या थव्याचा फोटो चांगला येत नाही

आधी तुमच्या फायद्याचं सांगतो. होडीला घाबरून उठलेला पक्षी होडीपासून लांब जातो. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात येतात त्या पाठी, शेपट्या आणि मागे लांबवलेले पाय. पंखांखालचा लाल-काळा रंग नीट हवा असेल तर रोहित तुमच्या दिशेने यायला हवा, नाहीतर समोरून आडवा जायला हवा. तसा तो स्वतःच्या मर्जीनेच जातो, हाकलल्यावर नाही.

आणि तो जातोच. सकाळी रोहितांच्या छोट्या टोळ्या एका उथळ पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर ये-जा करत असतात. वरून एखादा दलदल भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी गेला तरी थव्याचा एखादा भाग उठतो, गिरकी घेतो आणि परत बसतो. रोहित उडताना वाऱ्याच्या तोंडावर उडतो आणि उतरतानाही तोंड वाऱ्याकडेच ठेवतो. आमच्या नावाड्याचं कसब इथे आहे. सूर्य पाठीशी, जमलं तर वाराही पाठीशी, अशी जागा पाहून तो होडी लावतो. मग उतरणारा पक्षी आपोआप तुमच्याकडे तोंड करून येतो. तिथे बांबू रोवून थांबायचं असतं. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. या वेळी पाहुण्यांना वाटतं की होडीवाला वेळ काढतोय. तसं नाही. पाण्यावरच्या त्या तासांपैकी सगळ्यात उपयोगाचा वेळ तोच. तेव्हा इंजिन सुरू करायला लावू नका.

माना वर आल्या की आम्ही थांबतो

रोहित डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि चिखलपाणी गाळून खातो. शेवाळ, अळ्या, बारीक कवचाचे जीव असं त्याचं खाणं. त्यातूनच त्याला गुलाबी रंग मिळतो. इतक्या बारीक खाण्यावर एवढं मोठं अंग पोसायचं म्हणून त्याला दिवसाचे कित्येक तास मान खाली घालून राहावं लागतं. त्यामुळे मान खाली असलेला थवा म्हणजे निवांत थवा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

होडी फार जवळ गेली की आधी कडेच्या चार-दोन पक्ष्यांच्या माना वर येतात. मग आतल्या पक्ष्यांच्या येतात. मग सगळे एकाच दिशेने चालायला लागतात, आणि चाल वाढली की पुढचं ठरलेलंच. एवढ्या लांब पायांच्या पक्ष्याला जागच्या जागी उडता येत नाही. त्याला पाण्यावर धावत जाऊन हवेत उठावं लागतं आणि त्यात त्याची बरीच ताकद जाते. म्हणून कडेच्या माना वर येताच आमचा नावाडी होडी थांबवतो. चाल सुरू झाली तर बांबूने दोनदा रेटून होडी मागे घेतो. आम्ही साधारण ८० ते १०० मीटरवर थांबतो. पण खरं माप पक्ष्यांची मान आहे, मीटर नव्हे. थवा निवांत असेल तर काही वेळा थवाच चरत चरत होडीकडे सरकतो आणि मग तुमच्या लेन्समध्ये मावत नाही. हे आम्ही पुष्कळ वेळा पाहिलंय, आणि शांत बसलेल्या पाहुण्यांनीही.

एका फोटोपायी सगळ्यांची सकाळ जाते

एकदा उठलेला थवा बऱ्याचदा थोडं पुढे जाऊन बसतो. पण पहिल्या होडीने उठवला, मग दुसरीने, मग तिसरीने, की तो ही बाजूच सोडतो आणि पलीकडे करमाळ्याच्या अंगाला जाऊन उतरतो. तिथवर होडी नेण्यातच पाहुण्यांची निम्मी फेरी संपते, शिवाय वारा सुटला तर परतीचा धोका. तुमच्या मागच्या होडीत कोणी मुंबईहून रात्रभर गाडी चालवून आलेलं असतं, कोणी आजी-आजोबांना घेऊन आलेलं असतं. त्यांना उरतात ते लांबचे पांढरे ठिपके. आणि हे आठवडाभर चाललं तर आमच्या हंगामातूनच ते दिवस वजा होतात.

आमचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च. या चार महिन्यांवर होडीवाल्यांची, जेवण करणाऱ्या बायकांची, खोल्या देणाऱ्या घरांची वर्षाची बेरीज बसते. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमेकाठचे मळे आणि गावठाणं पाण्याखाली गेली, आणि इथल्या लोकांनी पाण्यावर पोट भरायला सुरुवात केली. मासा कमी होत गेला तशी मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं पाहुण्यांना पक्षी दाखवू लागली. पक्ष्यांची पुस्तकातली नावं ती नंतर शिकली. पाणी आधीपासून ओळखत होती. बुडालेली विहीर कुठे आहे, जुनी भिंत कुठे लागते, कोणाची जाळी कुठे टाकलेली आहेत, हे त्यांना पाठ असतं. होडी सरळ न जाता वळसा घेते ती याच कारणाने. जाळ्यावरून इंजिन नेलं तर एका घराची दिवसाची कमाई फाटते.

ही कमाई पुढच्या पिढीलाही मिळावी अशी आमची इच्छा आहे. रोहित काही आमच्या मालकीचे नाहीत. त्यांना उथळ पाणी मिळेल तिथे ते जातील. ते इथे उतरावेत, इथेच थांबावेत, यासाठी आमच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्यांना चरू देणं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण आहे, पण कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं.

नावाड्याच्या हातात वेगळी नोट ठेवू नका

हे थोडं अवघड आहे, तरी लिहितो. जवळ नेण्यासाठी काही पाहुणे पाण्यावर गेल्यावर नावाड्याला जादा पैसे देऊ करतात. समोरच्या माणसाला घर चालवायचं असतं, पोरांच्या फिया भरायच्या असतात. त्याला त्या पेचात टाकणं बरं नाही. आम्ही नावाड्याला फेरीचे ठरलेले पैसे देतो. रोहित जवळून दिसले, लांबून दिसले की दिसलेच नाहीत, त्याच्या पैशात फरक पडत नाही. म्हणून तर तो तुम्हाला खरं सांगू शकतो. तुम्ही खूश झालात आणि बक्षीस द्यावंसं वाटलं तर ऑफिसातल्या डब्यात टाका. ते हंगामाच्या शेवटी सगळ्यांत वाटलं जातं, स्वयंपाक करणाऱ्यांनाही.

दराबद्दलही विचारणा होते. आमच्यापेक्षा स्वस्त होडी मिळू शकते, हे खरं आहे. आम्ही एका होडीत सहाच पाहुणे बसवतो, प्रत्येकाला लाइफ जॅकेट देतो आणि ते घातल्याशिवाय दोर सोडत नाही. लहान मुलांच्या मापाची जॅकेटं वेगळी ठेवली आहेत. २१ मे २०२४ ला संध्याकाळी याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर "फोटोत जॅकेट बरं दिसत नाही" हे कारण आम्ही ऐकून घेत नाही. वारा वाढला तर फेरी अर्ध्यावरून माघारी येईल. तो निर्णय नावाड्याचा, आणि आम्ही ऑफिसातून तो कधीच फिरवत नाही.

ड्रोन आमच्या होडीतून उडवता येणार नाही. कुरवांना (सीगलना) शेव-फरसाण टाकायचंही बंद केलं आहे. ते पक्षी इथे मासे खाऊन उत्तम जगतात.

"रोहित आलेत का?"

हा प्रश्न नोव्हेंबरपासून रोज येतो. उत्तर कॅलेंडरमध्ये नसतं, पाण्याच्या पातळीत असतं. उजनी भरते ती मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या घाटातल्या पावसावर. वरची धरणं भरली की पाणी दौंडमार्गे खाली येतं, आणि आमच्याकडे फारसा पाऊस नसला तरी जलाशय तुडुंब होतो. पुढे कालव्यांची आवर्तनं सुटतात, खाली नदीत पाणी सोडलं जातं, पातळी उतरते आणि काठाचा गाळ उघडा पडतो. गुडघाभर पाण्याचे पट्टे तयार झाले की रोहित उतरतात. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी पाणी बराच काळ खोल राहतं, तेव्हा ते उशिरा येतात. पाऊस कमी झालेल्या वर्षी लवकर दिसतात.

इथे एक गैरसमज दूर करतो. पेपरात "उजनी मायनसमध्ये" अशी बातमी आली की आमचे फोन वाजतात आणि बुकिंग रद्द होतात. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. शून्य टक्के म्हणजे या मृतसाठ्याच्या वरचं पाणी संपलं, आणि मायनस म्हणजे पातळी त्याच्याही खाली गेली. धरण कोरडं पडलं असं नव्हे. शेतकऱ्यासाठी ती बातमी चिंतेची असते आणि आम्हीही शेतकरीच आहोत. पण पक्षी पाहण्यासाठी बुकिंग रद्द करायचं ते कारण नाही. उतरत्या पाण्यात चिखलाचे पट्टे वाढतात आणि तिथे पाणपक्ष्यांची गर्दी होते. फक्त होडी कमी पाण्यात बांबूने ढकलत न्यावी लागते आणि काठापर्यंत थोडं चिखलातून चालावं लागतं. जुने बूट घाला.

रोहित आले नसतील तर आम्ही फोनवर तसं स्पष्ट सांगतो. ते ऐकूनही आलात तर होडीचे पैसे परत मिळणार नाहीत, कारण पैसे होडीचे आणि नावाड्याच्या सकाळचे आहेत. तरीही या, असं आम्ही मनापासून म्हणू. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, शेकाटे, नदी सुरय, पाण्यावर हवेत स्थिर राहून सूर मारणारा कवड्या खंड्या, आणि नशीब असेल तर पायात मासा धरून चाललेला कैकर हा शिकारी पक्षी. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब (बार-हेडेड गूज) काठाच्या गवतात बसलेले असतात. ते रोहितांपेक्षा बुजरे, त्यामुळे तिथे आवाज आणखी खाली. ज्यांना फक्त रोहित पाहायचे असतात तेही यांच्यापाशी तासभर रमतात.

कधी यावं

शक्य असेल तर मंगळवार ते गुरुवार. त्या दिवशी होड्या कमी, थवा शांत आणि तुमच्या होडीला घाई नाही. पाण्यावर सकाळी साडेसहाला निघतो, त्यामुळे आदल्या रात्री मुक्कामाला आलात तर झोपही होईल. आमच्याकडे खोल्या साध्या आहेत, स्वच्छ आहेत, गरम पाणी मिळतं. फेरीनंतर नाष्टा, आणि दुपारी चिलापी नाहीतर रोहूचं कालवण, बाजरीची भाकरी. शाकाहारी पाहुण्यांसाठी पिठलं आणि वांग्याची भाजी. जेवण आधी सांगावं लागतं, कारण मासा त्याच सकाळचा असतो.

उन्हाळ्यात रोहित निघून गेल्यावरही आमच्यातले दोघे वाटाड्याचं काम करतात. भादलवाडीच्या तलावात आणि इंदापुरातल्या चिंचेच्या झाडांवर चित्रबलाकांची (पेंटेड स्टॉर्कची) घरटी असतात. ती फेरी गाडीने आणि पायी होते, मुलांना विशेष आवडते आणि हंगामापेक्षा स्वस्त पडते.

दुर्बिणी भाड्याने मिळतात, पण मोजक्याच आहेत, तेव्हा बुकिंग करतानाच सांगा. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे घाला, पांढरे-भडक नकोत. पाणी कुठे उतरलंय आणि थवा कोणत्या बाजूला आहे, हे आदल्या दिवशी संध्याकाळी सहानंतर फोन केलात तर नक्की सांगता येईल. त्या वेळी त्या दिवशीच्या सगळ्या होड्या परत आलेल्या असतात.