सनाजेह इंडिकस : डायनोसॉरच्या घरट्यातल्या सापाची पार्श्वभूमी

मार्च २०१० मध्ये सनाजेह इंडिकसचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि ‘डायनोसॉरची पिल्ले खाणारा साप’ म्हणून तो जगभर पोहोचला. नमुना जमिनीतून निघाला त्याला तोवर २६ वर्षे झाली होती. म्हणजे सापाची गोष्ट ६.७ कोटी वर्षांपूर्वीची असली, तरी तो खरेच पिल्लांची शिकार करायला आला होता का, या वादाची गोष्ट अगदी अलीकडची आहे.

गुजरातमधल्या तेव्हाच्या पंचमहाल जिल्ह्यात ढोली डुंगरी नावाचे गाव आहे. तिथल्या लॅमेटा थरांतून (डायनोसॉरच्या अखेरच्या काळातल्या खडकांतून) नागपूरच्या एका सरकारी भूवैज्ञानिकाने १९८४ मध्ये हा दगड काढला. बालासिनोर परिसरात डायनोसॉरची अंडी ओळखली जाऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे सगळ्यांची नजर अंड्यांवर आणि पिल्लांवर होती. १९८७ मध्ये या नमुन्याचे वर्णन छापून आले ते अंडी आणि सॉरोपॉडचे, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचे, पिल्लू असेच. अंड्यांशेजारच्या बारीक हाडांत दुसराही कोणी प्राणी असेल, ही शंका तेव्हा पुढे आली नाही. त्यात नवलही नाही. घरट्यात हाडे मिळाली तर ती घरच्यांचीच धरली जातात.

२००१ मध्ये एक अमेरिकी संशोधक नागपुरात हा दगड पाहत असताना काही मणक्यांपाशी अडला. सापाच्या मणक्याला पुढच्या बाजूने एक जादा खुंटी असते आणि ती आधीच्या मणक्याच्या मागच्या खाचेत बसते. सरपटताना कणा पिळवटू नये म्हणून ही सोय. सॉरोपॉडच्या पिल्लाच्या पाठीत अशी जोडणी असायचे कारण नाही. पुढे २००४ मध्ये रीतसर करार होऊन नमुना साफ करण्यासाठी अमेरिकेत गेला. दगड कणाकणाने उकरल्यावर दिसले ते असे : फुटलेल्या अंड्याभोवती सापाचे वेटोळे, वेटोळ्यावर टेकलेले डोके, शेजारी आणखी दोन अंडी आणि पिल्लाच्या खांद्याची, पुढच्या पायाची व बरगड्यांची हाडे.

शोधाचे श्रेय वाटताना बातम्यांचा भर २००१ च्या त्या क्षणावर राहिला. माझ्या मते १९८४ चे काम जास्त मोलाचे. अंडी सुटी करून घेतली असती आणि बाकीची हाडे वेगळ्या डब्यात पडली असती, तर पुढे ओळखायला मणके उरले असते, पण साप अंड्याभोवती होता हे कोणालाच सांगता आले नसते.

आता मुख्य वाद. साप खरोखर शिकारीला आला होता का? पिल्लू त्याच्या पोटात नाही, बाजूला आहे. घरट्याची ऊब किंवा आडोसा शोधत तो आला असेल, किंवा पुराने दोघांना एकत्र आणून टाकले असेल, असे म्हणायला जागा आहे. यातला पुराचा मुद्दा फारसा टिकत नाही. वाहत आलेल्या सापाची हाडे विखुरतात. हे वेटोळे जागच्या जागी आहे, आणि त्यावर आलेला गाळ एकाच लोंढ्यात, बहुधा वादळी पावसात जवळच्या उतारावरून घसरून आलेला दिसतो. शिवाय याच ठिकाणी इतर अंड्यांजवळही सापाचे अवशेष मिळाले आहेत. एकदा योगायोग म्हणता येईल. पुन्हा पुन्हा तेच दिसले, तर साप या घरट्यांकडे जात-येत होते असेच म्हणावे लागते. उबेचा मुद्दा मात्र पूर्णपणे खोडता येत नाही, आणि ‘रंगेहाथ पकडला’ असे लिहिणाऱ्यांनी तो सरळ गाळला.

मापे पाहिली की पारडे शिकारीकडे झुकते. साप सुमारे ३.५ मीटर लांब, पिल्लू जेमतेम अर्धा मीटर. मात्र सापाचा जबडा आजच्या अजगरासारखा ताणला जाणारा नव्हता. जवळपास १६ सेंटीमीटर व्यासाचे, जाड कवचाचे अंडे त्याला गिळता आले नसते. तेव्हा तो अंडीचोर नव्हता. तो अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांवर टपलेला असावा. जबडा अरुंद असला तरी अंगाने मोठा साप मोठे भक्ष्य घेऊ शकत होता, हे या नमुन्याने पुढे आणले. मोठे भक्ष्य म्हणजे रुंद ताणणारा जबडा हवाच, हे समीकरण त्यामुळे सैल झाले.

सनाजेहचे नाते मॅट्सॉइडी या कुळाशी लावले जाते. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, ऑस्ट्रेलिया असा या कुळाचा पसारा. ऑस्ट्रेलियात ते हिमयुगापर्यंत टिकले. पण यातल्या बहुतेक जाती नुसत्या मणक्यांवरून ठरवल्या आहेत. हे कूळ आजच्या सापांच्या गटात बसवायचे की बाहेर, यावरही एकमत नाही. अशा वेळी कवटीची हाडे असलेला नमुना हाती असणे ही मोठीच गोष्ट.

या कुळाचा महाराष्ट्रातही पुरावा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या लॅमेटा थरांतून मॅट्सोइया पिसदुरेन्सिस ही जात २०११ मध्ये नोंदवली गेली, तीही मणक्यांवरूनच. कच्छच्या पानंध्रो लिग्नाइट खाणीतला वासुकी हा सापही याच कुळातला, पण सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचा. त्याचे मणके २००५ मध्ये मिळाले, आधी मगरीचे समजले गेले आणि साप म्हणून जाहीर व्हायला २०२४ उजाडले.