फौजदाराची चौथी काठी

समजा, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं एक नाटक आहे. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावची जत्रा, रात्री उशिरा पडदा उघडलेला आणि पहाटेपर्यंत चालणारा प्रयोग. कुणा म्हातारीचे धानाचे पुंजणे जाळणारा गुंड फौजदाराच्या हाती लागतो. तिसऱ्या काठीला तो कबूल होतो. फौजदार चौथी हाणतो, मग पाचवी. मंडपात शिट्ट्या. घरी बायको म्हणते, "काहून जेवत नाही जी?" यावर उत्तर येतं, "मारल्याशिवाय बोललाच नसता तो." तिने ते विचारलंच नव्हतं.

ही भूमिका उभी करताना या फौजदाराच्या पोटात काय सलतंय ते शोधायचं तर चौथ्या काठीपासून सुरुवात करावी. कामापुरतं मारणं तिसरीलाच संपलं होतं. (तशीही पोलिसाला दिलेली कबुली आपल्याकडे कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. 1872च्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती, 2023च्या नव्या कायद्यातही आहे.) मग पुढच्या काठ्या कशासाठी?

2004 साली झुरिकच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पैशांच्या खेळात दगा देणाऱ्याला शिक्षा द्यायची मुभा खेळाडूंना होती आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग चालू होतं. शिक्षा देताना मेंदूत खोल असलेल्या स्ट्रायटम या केंद्राचा वरचा भाग जास्त सक्रिय दिसला. एरवी हा भाग बक्षिसाच्या अपेक्षेनेही जागा होतो. ज्यांच्यात तो अधिक सक्रिय होता, ते शिक्षेसाठी पदरचे पैसेही अधिक मोजायला तयार होते. नुसत्या स्कॅनवरून 'याला मजा आली' असा निकाल देऊ नये, स्ट्रायटमला इतरही कामं असतात. पण दुष्टाला शिक्षा देणं मेंदूला गोड लागू शकतं, याकडे बोट नक्की जातं.

शिट्ट्या मारणारेही सुटत नाहीत. टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांच्या 2006च्या प्रयोगात लोक फक्त बघत होते. लबाड खेळाडूच्या हाताला झटका बसला तेव्हा पुरुषांच्या मेंदूतला सहवेदनेचा प्रतिसाद घटला आणि बक्षिसाशी जोडलेला भाग जागा झाला. बायकांची सहवेदना मात्र फारशी ओसरली नाही.

ही गोडी टिकत नाही, हे 2008मध्ये केविन कार्लस्मिथ यांच्या प्रयोगांत दिसलं. शिक्षा दिल्यावर बरं वाटेल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात शिक्षा देणाऱ्यांनाच जास्त वाईट वाटलं आणि त्या लबाडाचा विचारही त्यांच्या डोक्यातून जाईना. फौजदाराचं ताट तसंच राहतं, ते बहुधा यामुळे.

मानसशास्त्रज्ञ जून टँगनी अपराधभाव आणि शरम वेगळे मानतात. 'मी वाईट केलं' असं वाटणारा माणूस भरपाई करायला धावतो, 'मीच वाईट' असं वाटणारा लपतो किंवा उलटा चिडतो. आपला फौजदार दोन्ही करतो. गुंडाच्या आईकडे तांदळाचं पोतं गुपचूप पाठवतो आणि केस डायरीत लिहितो, 'आरोपी पळताना पडून जखमी.' मारल्याची भरपाई पोत्याने होते. मारणं आवडल्याची कशानेच होत नाही, म्हणून ते डायरीतही येत नाही आणि बायकोलाही सांगता येत नाही.

या भूमिकेत रडण्याचा प्रवेश मी तरी टाकणार नाही. मार खाणाऱ्या गुंडाची नक्कल करणाऱ्या हवालदारावर फौजदार झालेल्या नटाने विनाकारण खेकसावं, तेवढं पुरे.