डिजिटल सहीचा उतारा आणि पीडीएफ: मिळवणे सोपे, जपायचे कसे?

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढायला पात्रतेची अट जवळजवळ नाहीच. जमीन तुमच्याच नावावर हवी असे नाही आणि कागदपत्रेही जोडावी लागत नाहीत. महाभूमी या राज्य सरकारच्या जमीन-नोंदींच्या पोर्टलच्या डिजिटल सातबारा संकेतस्थळावर मोबाइलवर आलेल्या ओटीपीने लॉगिन करा, खात्यात पैसे भरा, जिल्हा-तालुका-गाव निवडा, गट नंबर टाका. एका उताऱ्याला १५ रुपये. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो तो नुसता बघण्यापुरता, सरकारी किंवा कायदेशीर कामाला तो चालत नाही.

घोळ होतो तो पुढे. प्रिंट मारायची, फाइल उडवायची आणि मग त्या प्रिंटचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवायचा! उताऱ्याच्या तळाशी पडताळणीचा १६ अंकी क्रमांक असतो, आणि फोटोत नेमकी तीच ओळ कापली जाते.

ई-आधारमध्ये, म्हणजे आधारच्या डाउनलोड केलेल्या प्रतीत, सही पीडीएफच्या आतच असते. संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडली की सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि माणूस दचकतो. सही खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही; सही कोणाची हे सांगणारे डिजिटल प्रमाणपत्र देणाऱ्याला रीडर अजून ओळखत नाही, एवढेच. सहीवर राइट क्लिक, 'व्हॅलिडेट सिग्नेचर', मग 'सिग्नेचर प्रॉपर्टीज', तिथून प्रमाणपत्र उघडा. प्रमाणपत्रांच्या साखळीच्या मुळाशी 'सीसीए इंडिया' (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवरचे सरकारी नियंत्रक) दिसले तरच 'ट्रस्ट' टॅबमधून ते विश्वासाच्या यादीत घाला.

सही करणाऱ्याचे प्रमाणपत्र साधारण १ ते ३ वर्षांचे, आधार ई-साइनचे (आधारने ओळख पटवून केलेल्या ऑनलाइन सहीचे) तर ३० मिनिटांचे. मुदत संपल्याने जुनी सही बाद होत नाही, पण सही झाली त्या क्षणी प्रमाणपत्र चालू होते हे दाखवता आले पाहिजे. म्हणून करारावर ई-साइन करून घेताना टाइमस्टॅम्प (सहीच्या वेळेची नोंद) आणि एलटीव्ही, म्हणजे दीर्घकालीन पडताळणीची सोय, आहे का ते सेवा देणाऱ्याला आधीच विचारा.

मूळ फाइलला हात लावू नका. 'प्रिंट टू पीडीएफ' केले की सहीचे नुसते चित्र उरते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७ सांगते की नोंद मूळ स्वरूपात, पुढेही वाचता येईल अशी आणि कुठून, कधी आली या तपशिलासह ठेवावी. तेव्हा फाइल ज्या ईमेलने आली तोही ठेवा. डिजिलॉकरमध्ये 'इश्यूड' विभागातले दाखले मुळाच्या बरोबरीचे मानले जातात, तुम्ही स्कॅन करून चढवलेले नाहीत. प्रकरण कोर्टात गेलेच तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या फाइलबद्दलचे वेगळे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा, लिहावी लागते.

मृत्युपत्राला मात्र डिजिटल सही चालत नाही. ते कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशीच करा.