किफायतशीर मागणी परिमाण

साठा नियंत्रणातील एक सूत्र. कारखान्यांत ते ‘ईओक्यू’ (इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी) म्हणून रूढ आहे. एका खेपेला किती नग मागवले, किंवा यंत्रावर किती नगांचा लॉट काढला, म्हणजे खेपांचा खर्च (मागणी नोंदवण्याचा किंवा नव्या लॉटसाठी यंत्र जुळवण्याचा, म्हणजे सेटिंगचा) आणि साठवणखर्च यांची वार्षिक बेरीज किमान राहते, हे त्यावरून कळते. वार्षिक खप आणि एका खेपेचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी, तिला एक नग वर्षभर ठेवण्याच्या खर्चाने भागावे व वर्गमूळ काढावे.

सूत्राच्या जनकत्वाबद्दल दीर्घकाळ गोंधळ होता. अमेरिकेत ते आर. एच. विल्सन यांच्या १९३४ मधील लेखामुळे ‘विल्सन सूत्र’ ठरले, तर जर्मन ग्रंथांत कुर्ट आंडलर यांच्या नावे (१९२९) रुळले. मात्र फोर्ड डब्ल्यू. हॅरिस यांनी ते फेब्रुवारी १९१३ मध्येच ‘फॅक्टरी’ मासिकात मांडले होते. पुढील लेखक हॅरिस यांच्यासाठी १९१५ च्या एका ग्रंथाचा हवाला देत राहिले आणि मूळ लेख विस्मरणात गेला. १९८० च्या दशकाअखेरीस डोनाल्ड अर्लेनकॉटर यांनी तो उजेडात आणला. आता अग्रमान हॅरिस यांना देणेच सयुक्तिक. विल्सन यांचे श्रेय प्रसाराचे.

वार्षिक खप १०,००० नग, खेपेचा खर्च २०० रुपये व साठवणखर्च नगामागे वर्षाला ४ रुपये असेल, तर उत्तर १,००० नग येते. त्याऐवजी १,५०० मागवले तरी एकूण खर्च सुमारे ८ टक्केच वाढतो. ५०० मागवले तर मात्र २५ टक्के. त्यामुळे पूर्ण पेटी किंवा पॅलेट भरेल असा आकडा घेताना वरच्या बाजूला झुकणे बरे.

चुका बहुधा आकडेमोडीत नसून खर्च धरण्यात होतात. यंत्र रिकामेच असताना सेटिंगच्या वेळेवर पूर्ण यंत्रतास-दर लावला, की लॉट उगाच फुगतो. साठवणखर्चात फक्त व्याज धरून जागा, विमा व माल जुना पडणे वगळले, तरी तोच परिणाम. उलट सेटिंगचा खर्च चौथाईवर आणल्यास लॉट निम्मा होतो.

मागणी कधी नोंदवायची, हे सूत्र सांगत नाही. त्यासाठी पुनर्मागणी पातळी, म्हणजे साठा जिथवर उतरताच मागणी नोंदवायची तो आकडा, लागते: रोजचा खप ४० नग, माल यायला १२ दिवस व सुरक्षा साठा (अडीअडचणीसाठी ठेवलेला) १६० असल्यास ४० × १२ + १६० = ६४० नग. या पातळीशी तुलना करताना हाती असलेल्या साठ्यात वाटेवरचा (मागवलेला पण न आलेला) माल मिळवून, आधीच कुणासाठी राखून ठेवलेला माल वजा करावा. वाटेवरचा माल विसरल्यास एकच मागणी दोनदा जाते.

खप ठोक्याठोक्याने होणाऱ्या सुट्या भागांना हे सूत्र लागू पडत नाही. बदलत्या मागणीसाठी वॅग्नर व व्हिटिन यांची रीत (१९५८) आहे. जुळणीच्या भागांसाठी सामग्री-गरज नियोजन (एमआरपी; तयार मालाच्या उत्पादन आराखड्यावरून भागांची गरज काढणे) वापरतात.